बत्तीस नॉचचं इंजिन

लखनौला उतरणाऱ्याची नजर चारबाग स्टेशनच्या लाल-पांढऱ्या घुमटांवरच खिळते. मला मात्र संपादकांनी धाडलं होतं मानकनगरला, आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेत. 1957 साली दोन जुन्या कार्यालयांतून ती उभी राहिली. इथले आराखडे चित्तरंजनच्या कारखान्यात गेले आणि त्यांतून विजेची इंजिनं रुळांवर आली. आधी वॅम-4, मग 1980 साली खास प्रवासी गाड्यांसाठी सुमारे 3,800 अश्वशक्तीचं वॅप-1, आणि नव्वदच्या दशकात पाच हजारांवरचं वॅप-4.

इतिहास एवढा पुरे. माझा जीव अडकला तो या तिन्ही इंजिनांच्या पोटातल्या एका यंत्रात. कागदोपत्री तो टॅप चेंजर. ड्रायव्हर मंडळी त्याला 'जीआर' म्हणतात.

वरच्या तारेत 25,000 व्होल्ट एसी. एवढा दाब मोटरींना झेपत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मरला ठिकठिकाणी जोड काढलेले असतात. जीआर एकेक जोड पकडत 32 पायऱ्या, म्हणजे नॉच, चढतो. ड्रायव्हर हँडल पुढे करतो, हवेवर चालणारी छोटी मोटर जीआर फिरवते, आणि गाडी हिसका न देता सुटते. कॉन्टॅक्टर उघडतात-मिटतात तो 'फट्, फट्' आवाज फलाटावरही ऐकू येतो. एका जोडावरून दुसऱ्यावर जाताना प्रवाह तुटता कामा नये, म्हणून तेवढ्या क्षणापुरता एक रेझिस्टन्स मधे घेतात. लाखो प्रवाशांचा वेग त्या क्षणावर तोलला होता, हे मला फार मोठं वाटतं.

हाच जीआर अडकला तर? लखनौत भेटलेले एक निवृत्त ड्रायव्हर ते सांगताना उठून उभेच राहिले. हाताची मूठ हवेत फिरवली. मुख्य ड्रायव्हर समोरचा सिग्नल बघतोय, असिस्टंट इंजिनातल्या अरुंद बोळात उभा राहून हाताने जीआर फिरवतोय. बाहेर उत्तर प्रदेशातला जून, आत ट्रान्सफॉर्मरची धग. इशारा आला की एक नॉच वर, इशारा आला की खाली. मागे भरलेली गाडी. "जल्दबाजी की, तो पहिया फिसला," ते म्हणाले. ओल्या रुळावर नॉच भराभर घेतले की चाक जागच्या जागी फिरतं. कुठे थांबायचं ते ॲमीटरचा काटा सांगतो, आणि उरलेलं अनुभव.

आपल्याकडे मुंबईची तार तेव्हा 1,500 व्होल्ट डीसीची होती, म्हणून भुसावळकडून येणारं हे इंजिन इगतपुरीला सुटायचं. गाडी तिथे का थांबते, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं.

आता काळजी. नव्या थ्री-फेज इंजिनांत जीआर नाही. ती ब्रेक लावताना वीज तारेला परत देतात, आणि वॅप-7 तर डब्यांतल्या दिवे-पंख्यांनाही वीज पुरवतं. वॅप-4 ला यातलं काही जमत नाही. 2015 च्या सुमारास त्याचं उत्पादन थांबलं. बदल योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इंजिनं भंगारात जाताना जीआरही तुकड्यांनी जातो, आणि तो हाताने फिरवलेली माणसं एकेक करून निवृत्त होताहेत. रेल्वेने एक जीआर उभा कापून, 32 जोड दिसतील असा, लोकांसमोर ठेवावा. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी असा कुणी असिस्टंट असेल, तर त्याचं सांगणं या दिवाळीच्या सुट्टीत लिहून घ्या.