वादळ, वंगण आणि ढवळलेले पोट

२३ मार्च २०१९. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हुस्टाडविका या पट्ट्यातून 'वायकिंग स्काय' हे क्रूझ जहाज ट्रॉम्सोहून स्टाव्हांगरकडे चालले होते. जहाज जेमतेम दोन वर्षांचे, २२८ मीटर लांब. वर ९१५ प्रवासी आणि ४५८ कर्मचारी. हवा बिघडणार हे आधीच कळले होते, त्यामुळे बोडो बंदराचा थांबा गाळला होता. दुपारी दोनच्या सुमारास लाटा आठ मीटरच्याही वर उसळत असताना जहाजावरची वीज गेली आणि इंजिने बंद पडली. वारा जहाजाला खडकांकडे ढकलू लागला. कप्तानाने 'मेडे'चा संदेश दिला.

हुस्टाडविकाला बाहेरच्या बाजूने बेटांचा आडोसा नाही. तळ उथळ आणि खडकाळ आहे. खोल समुद्रातून येणारी लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो, मागच्या लाटा जवळ येतात, लाट उंच आणि उभी होते आणि फुटते. तरीही तिथून रोज जहाजे ये-जा करतात, कारण चालते जहाज अशा समुद्राला तोंड देऊ शकते. 'चालते' हा शब्द महत्त्वाचा.

प्रवाशांना आरामदायी वाटावे म्हणून क्रूझ जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख बसवलेले असतात. जहाज कुठल्या बाजूला आणि किती वेगाने कलते आहे हे जायरोस्कोपसारखी उपकरणे क्षणोक्षणी टिपतात. त्यानुसार पंखांचा कोन बदलतो: एक पंख पाण्यावर खाली दाब देतो, दुसरा वर, आणि डोलणे बरेचसे जिरते. पण या पंखांना जोर मिळतो तो वाहत्या पाण्यातून. वेग निम्मा झाला की हा जोर चौथाईवर येतो आणि जहाज थांबले की जवळपास उरतच नाही. सुकाणूचेही तेच. म्हणून इंजिन बंद पडलेले जहाज लाटांकडे तोंड करून राहू शकत नाही, हळूहळू आडवे होते आणि प्रत्येक लाट कुशीवर घेते. त्या दिवशी प्रवाशांनी काढलेल्या चित्रफितींत दिवाणखान्यातल्या खुर्च्या आणि मोठ्या कुंड्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरताना दिसतात, छताच्या पट्ट्या खाली पडताना दिसतात.

इतके होऊनही जहाज उलटण्याच्या बेतात नव्हते. जहाज कलले की पाण्याचा रेटा त्याला परत सरळ करतो. हा रेटा जितका जबर, तितके जहाज झटक्याने सरळ होते आणि प्रवासी आदळतात, आपटतात. रेटा बेताचा असेल तर जहाज संथ डोलते आणि प्रवास सुखाचा होतो. म्हणजे भरपूर स्थिर जहाजातच माणसाचे हाल जास्त होऊ शकतात. क्रूझचे आरेखन करणारे या दोन टोकांमधला मार्ग काढतात.

बोट लागते त्याचाही धोक्याशी संबंध नाही. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. वर-खाली, पुढे-मागे होणारी हालचाल मेंदूला त्यांच्याकडून कळते. बंद केबिनमध्ये डोळे सांगतात की सगळे जागच्या जागी आहे. दोन साक्षी जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्वयंसेवकांना वर-खाली हलणाऱ्या खोलीत बसवून प्रयोग झाले. साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, ही लय सर्वांत वाईट ठरली. त्याहून जलद हेलकावे लोकांना बरेच सुसह्य झाले. पंखांनी बाजूचे डोलणे आवरते, पण पुढचे टोक वर-खाली होणे थांबत नाही, म्हणून मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची केबिन बरी. क्षितिजाकडे पाहत राहिले की डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळते.

'वायकिंग स्काय'वर खरे संकट ज्या जागी शिजत होते ती कुणा प्रवाशाला दिसणारी नव्हती. या जहाजात डिझेल इंजिने वीज बनवतात आणि त्या विजेवर मोटारी जहाजाला ढकलणारे पंखे (प्रोपेलर) फिरवतात. चार इंजिनांपैकी एक आधीच नादुरुस्त होते. चालू इंजिनांच्या वंगणतेलाच्या टाक्या २८ ते ४० टक्केच भरलेल्या होत्या. उत्पादकाची शिफारस ६८ ते ७५ टक्क्यांची होती. पेट्रोल संपत आलेली स्कूटर आपण आडवी करतो, म्हणजे तळाशी उरलेले पेट्रोल नळीच्या तोंडाशी येते. इथे नेमके उलटे झाले. जहाज हिंदकळताना तेल पंपाच्या तोंडापासून दूर गेले आणि पंपाने हवा ओढली. तेलाचा दाब पडला की इंजिनाची नासधूस होऊ नये म्हणून यंत्रणा ते आपोआप बंद करते. यंत्रणेने आपले काम चोख केले आणि जहाज लुळे पडले.

दोन्ही नांगर टाकले, पण ते घसरत राहिले. जहाज खडकांपासून स्वतःच्या लांबीइतक्या अंतरावर आले असावे, असा तपास यंत्रणेचा अंदाज आहे. चाळीसेक मिनिटांनी पुरेशी वीज परत आली आणि ते जेमतेम पुढे सरकू लागले. मार्चमधल्या थंडगार पाण्यात, त्या लाटांत जीवरक्षक नौका उतरवणे फार जोखमीचे होते. म्हणून हेलिकॉप्टरमधून दोर सोडून ४७९ जणांना वर ओढून घेतले गेले. त्यातच जवळ 'हागलांड कॅप्टन' या मालवाहू जहाजाचे इंजिन बंद पडले आणि त्यावरच्या नऊ जणांना वाचवायला काही हेलिकॉप्टरे तिकडे वळवावी लागली. दुसऱ्या दिवशी 'वायकिंग स्काय' मोल्डे बंदराला लागले. काही जण जखमी झाले, जीव कुणाचा गेला नाही.

काही दिवसांतच नॉर्वेच्या सागरी प्राधिकरणाने जहाज कंपन्यांना कळवले: खराब हवामानात शिरण्यापूर्वी वंगणतेलाचा पुरवठा अखंड राहील याची खातरजमा करा. इंजिने २२.५ अंशांपर्यंतच्या डोलण्यात चालली पाहिजेत, हा आंतरराष्ट्रीय नियम तर आधीपासूनच होता. तो बंदरात पाळायचा असतो, टाकीत तेल भरताना. समुद्र खवळल्यावर त्याची आठवण येऊन उपयोग नसतो.