परदेशातली नोकरी की परक्यांची लढाई? कर्ज मंजूर करण्याआधी एवढं बघा



शेळीसाठी कर्ज मागितलं तर आपण आधी शेळी बघून येतो. मग "पोराला परदेशात नोकरी लागतेय, एजंटला पैसे भरायचेत" अशी मागणी आली, तर कागद बघायला नकोत का?

हे सांगायचं कारण रशिया-युक्रेनचं युद्ध. हेल्पर, सिक्युरिटी गार्ड अशी कामं सांगून एजंटांनी आपल्या देशातली तरुण मुलं रशियाला नेली. तिथे रशियन भाषेतल्या कागदांवर सह्या घेतल्या आणि त्यांना सैन्यात घातलं. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की अशा १२६ भारतीयांपैकी ९६ जण परत आले, १२ जणांचा मृत्यू झाला आणि १६ जणांचा पत्ता नव्हता.

कायदा काय सांगतो?

- परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे सरकारी नोंदणी लागते. उत्प्रवास कायदा, १९८३ प्रमाणे विनानोंदणी भरती केली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावातला मध्यस्थ ओळखीचा असला म्हणून त्याला सूट नाही.
- फसवून, शोषणासाठी माणूस नेणं म्हणजे मानवी तस्करी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे त्याला किमान सात वर्षं सक्तमजुरी आहे.
- आपल्या देशाची ज्या देशाशी शांतता आहे, त्याच्या सरकारविरुद्ध युद्ध करणं किंवा त्यासाठी मदत करणं हाही गुन्हा आहे (कलम १५३). त्यामुळे "पगार चांगला आहे, जाऊ दे लढायला" असं म्हणू नका.

कर्जाच्या अर्जासोबत हे तपासा:

१. एजंटचा नोंदणी क्रमांक. तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर मिळतो का? सीआरपी ताईंच्या मोबाईलवर बघता येईल.
२. व्हिसा नोकरीचा आहे का? पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही.
३. करार आपल्याला समजेल अशा भाषेत आहे का? काम, पगार, मालकाचं नाव लिहिलंय का?
४. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो. कोणी लाखांत मागत असेल तर तिथेच थांबा.

पोरगं आधीच गेलं असेल आणि अडकलं असेल, तर लाजेने किंवा भीतीने गप्प बसू नका. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तो एजंट आणि व्हिसा कंपन्यांवर. पासपोर्टची झेरॉक्स, एजंटचे मेसेज, पैसे दिल्याच्या पावत्या जपून ठेवा. पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राला १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर फोन करा.

कर्ज नाकारलं तर मैत्रीण चार दिवस रुसेल, पण तिचं पोरगं घरी राहील. येत्या मासिक बैठकीत हे चार मुद्दे मोठ्याने वाचा आणि ठराव वहीत लिहून ठेवा.