हिरव्या दिवसांचे गणित

मीरा रोडच्या शांती नगरात आमच्या इमारतीत सासूबरोबर धुणी-भांडी करायला येणारी एक मुलगी एकदा मोबाइल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. वय एकोणीस, लग्नाला सहा महिने झालेले. "काकू, आज हिरवा दिवस दाखवतंय. म्हणजे काही भीती नाही ना?" पाळीच्या तारखा भरल्या की लाल-हिरवे दिवस दाखवणारे ते ॲप होते. मोबाइल नवऱ्याचा. दोन वर्षे मूल नको असे दोघांनी ठरवले होते, सासूला सांगितले नव्हते. मी पन्नाशी ओलांडलेली, पुस्तके जमवून आपापले शिकलेली बाई, तरीही गडबडले. "डॉक्टरांना विचार," म्हटले आणि दार लोटले. चार-पाच महिन्यांनी सासूने गोड बातमी सांगितली. ती मात्र खाली मान घालून भांडी घासत राहिली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर शोधत गेले. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

कुमारवयातील गर्भधारणा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजातले प्रेमप्रकरण येते. आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. देशाचे प्रमाण ६.८ टक्के होते. त्याच फेरीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले होते. म्हणजे आपल्याकडची कुमारमाता बहुधा मंगळसूत्र घातलेली असते. तिची गर्भधारणा नकोशी होती का, हे कोणी विचारत नाही. पेढे मात्र वाटले जातात.

आता ॲपचे गणित पाहू. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी सुटते. ते जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. समजा, एखाद्या मुलीची पाळी कधी २४ दिवसांनी तर कधी ३८ दिवसांनी येते. साधे ॲप सरासरी काढते : ३१ दिवस. त्यातून चौदा वजा करून सतरावा दिवस बीजाचा धरते आणि बारा ते अठरा हे दिवस लाल दाखवते. पण ज्या महिन्यात पाळी २४ दिवसांनी यायची असते, त्या महिन्यात बीज दहाव्या दिवशीच सुटते. ॲपमध्ये तो दिवस हिरवा असतो! दोन्ही टोके धरून हिशेब केला, तर पाचव्यापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत सगळेच धोक्याचे ठरतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर सर्वसामान्यच मानले जाते. म्हणजे त्या वयात अशा ॲपचा अंदाज फारच कच्चा असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये 'नॅचरल सायकल्स' या ॲपला गर्भनिरोधनाचे साधन म्हणून परवानगी दिली. तिथे रोज सकाळचे शरीराचे तापमानही नोंदवावे लागते आणि वयाची अट अठरा पूर्ण अशी आहे.

मग मोबाइल निरुपयोगी म्हणायचा का? तसेही नाही. घानाची राजधानी आक्रा येथे १४ ते २४ वयाच्या ७५६ विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जणींना आरोग्याची माहिती देणारे साधे संदेश पाठवले, तर काहींना संदेशातूनच प्रश्नमंजूषा दिली. दोन्ही गटांचे ज्ञान वाढले, प्रश्नमंजूषेच्या गटाचे अधिक. आणि शरीरसंबंध असलेल्या मुलींमध्ये गर्भधारणेची शक्यता दोन्ही गटांत घटली. केनियातल्या अशाच एका संदेशसेवेच्या अभ्यासात मात्र ज्ञान वाढले, साधनांचा वापर वाढला नाही. मला यातून एवढे उमगते, की मोबाइल माहिती पोहोचवतो. पण ती माहिती अंगी लागण्यासाठी साधन हाताशी हवे आणि घरात बोलायची मुभाही हवी.

शिवाय मोबाइल कोणाचा, हा प्रश्न उरतोच. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ६१.५ टक्के होते. नवऱ्याच्या वा भावाच्या मोबाइलमधली पाळीची नोंद ही खासगी नोंद नव्हे. आणि ती घराबाहेरही जाते. 'फ्लो' या लोकप्रिय ॲपने वापरणाऱ्या स्त्रियांची माहिती फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांकडे जाऊ दिल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. ते प्रकरण २०२१ मध्ये तडजोडीने मिटले. आपल्याकडच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. हेतू चांगलाच आहे; पण जी मुलगी आईला विचारू शकत नाही म्हणून मोबाइलकडे वळते, तिला पुन्हा आईकडेच जायला सांगितले जाते. पोक्सो कायद्यामुळेही अशी मुलगी दवाखान्याची पायरी चढायला घाबरते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एक दिलासा दिला : अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हे किती मुलींना ठाऊक असेल?

मराठीत या प्रश्नाला उत्तर देणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. जे घरात विचारता येत नसे, ते वाचक त्यांना पत्राने विचारत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी तो खटला ते हरले. पुढे २००७ मध्ये राज्य सरकारने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. शाळा गप्प आणि घरही गप्प. त्या शांततेत ॲप बोलू लागले. कर्वे नावानिशी उत्तर देत आणि त्याची किंमत मोजत. ॲपचे उत्तर चुकले, तर किंमत मुलगी मोजते.

आज विचारले, तर मी काय सांगेन? पाळीची तारीख लक्षात ठेवायला ॲप जरूर वापर. हिरव्या दिवसावर मात्र विसंबू नकोस. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, 'छाया' गोळी आणि 'अंतरा' इंजेक्शन फुकट मिळते. 'छाया' पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. 'अंतरा' दर तीन महिन्यांनी. तुला कोणते चालेल, ते तिथल्या डॉक्टरांना विचार; एकटीला जायचा संकोच वाटला, तर मी बरोबर येते. माणूस तारीख विसरतो आणि मोबाइल विसरत नाही, म्हणून आठवण करून देणे हे त्याचे खरे काम.

बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर ती पुन्हा कामाला येऊ लागली. या वेळी मीच विषय काढला आणि दोघी मिळून केंद्रात गेलो. परतताना रिक्षात तिने नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तीन महिन्यांनंतरची एक तारीख भरली. सासूला कळू नये म्हणून पुढे लिहिले : 'गॅस नोंदवणे'.