आळसाचा आळ

इंग्रजी भाषेत आळसाला जे अनेक शब्द आहेत त्यांत 'स्लॉथ' हा शब्द दिसावयास अगदी सरळ. 'वॉर्म'पासून जसे 'वॉर्म्थ', तसे मंद या अर्थाच्या 'स्लो'पासून 'स्लॉथ', म्हणजे निव्वळ मंदपणा, एवढीच त्याची व्युत्पत्ती. परंतु ख्रिस्ती परंपरेने गणलेल्या सात महापातकांत आज तो ज्या जागी बसला आहे, त्या जागी त्याच्यापूर्वी कित्येक शतके एका ग्रीक शब्दाची वहिवाट होती, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आळस असा नव्हता.

तो शब्द 'अकेडिया'. 'केडोस' म्हणजे आस्था, काळजी, आणि आरंभीचा 'अ' आपल्या 'अ'प्रमाणेच अभावदर्शक. तेव्हा मनाला कशाचीच आस्था उरू नये, अशी ती अवस्था. इ. स. 399 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात निवर्तलेल्या इव्हॅग्रियस नावाच्या तपस्व्याने तिचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते वाचताना आपल्याच एखाद्या उदास दुपारची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सकाळी दहाच्या सुमारास हे संकट एकान्तवासी साधूला गाठते. सूर्य जागचा हलत नाही, दिवस जणू पन्नास तासांचा झाला आहे, असे त्याला वाटू लागते. तिसऱ्या प्रहरच्या भोजनाला किती अवकाश आहे आणि एखादा गुरुबंधू भेटीस येतो आहे काय, हे पाहण्यासाठी तो वारंवार कुटीबाहेर डोकावतो. हातातले काम, राहती जागा, पत्करलेले जीवन, सर्वांचाच त्याला वीट येतो, आणि आपल्याला धीर देणारे कोणी उरले नाही या विचाराने तो दूरच्या घरच्या माणसांच्या आठवणीत बुडून जातो. इव्हॅग्रियसने याला मध्यान्हीचे पिशाच म्हटले. ज्याने घरदार सोडून वाळवंटातले खडतर व्रत स्वीकारले, त्याला आळशी कोण म्हणेल?

इजिप्तमधील ही शिकवण कॅशियन नावाच्या साधूने पाचव्या शतकाच्या आरंभी मार्सेय येथे नेली आणि लॅटिनमध्ये लिहिताना मूळचा ग्रीक शब्दच कायम ठेवला. या रोगावर त्याने सांगितलेला उपाय हातांनी करावयाच्या श्रमाचा आहे, आणि त्यासाठी तो पॉल नावाच्या एका वृद्ध तपस्व्याची हकीकत देतो. शहरापासून इतक्या दूर राहणारा हा पॉल, की माल विकावयास नेला तर किमतीपेक्षा वाहतुकीचाच खर्च अधिक व्हावा, तरीही ताडाच्या पात्यांचे काम दररोज नेमाने करी, आणि वर्षाअखेर गुहा भरली म्हणजे वर्षभराचे ते सारे श्रम अग्नीच्या स्वाधीन करी. मला या सबंध इतिहासात याहून हृदयाला भिडणारे दुसरे काही आढळले नाही.

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानेही अकेडियाला एक प्रकारचे दुःखच मानले. आपल्याकडे पतंजलींनी योगमार्गातील नऊ अंतराय सांगताना चित्ताची अकर्मण्यता जे 'स्त्यान', ते आणि 'आलस्य' वेगवेगळे मोजले, हा विवेक मोठा मोलाचा होय. इंग्रजीत मात्र चौदाव्या शतकात चॉसर या कवीने वापरलेला 'ॲक्सिडी' हा अकेडियाचा वंशज पुढे प्रचारातून गेला, पातकांच्या यादीत 'स्लॉथ' रुजू झाला, आणि मनाचे दुःख विसरले जाऊन केवळ अंगचोरपणाचा ठपका शिल्लक राहिला.

तो ठपका पुढे मुक्या प्राण्यांवरही आला. दक्षिण अमेरिकेतील झाडावर उलटे लोंबणाऱ्या एका प्राण्याला पोर्तुगीज लोक 'आळस' याच अर्थाच्या शब्दाने ओळखत; सतराव्या शतकात इंग्रजांनी त्याचाच अनुवाद करून त्याला 'स्लॉथ' म्हटले. सत्त्वहीन पाने खाऊन, ती अतिशय सावकाश पचवून जगावयाचे, तर शक्ती जपून वापरणे त्या जिवाला भागच आहे. त्याहून विलक्षण गोष्ट आपल्या अस्वलाची. जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने 1791 मध्ये त्याची लांब नखे पाहून त्याला त्या मंदगती प्राण्यांच्याच वर्गात नोंदविले. पुढे चूक उमगली, शास्त्रीय नाव बदलले, पण इंग्रजीतले 'स्लॉथ बेअर' हे नाव तसेच राहिले. मेळघाटात, ताडोब्यात त्याच नखांनी दगडासारखी टणक वारुळे फोडून वाळवी खाणारे हे अस्वल आजही इंग्रजीच्या दप्तरी आळशी म्हणूनच दाखल आहे.