बटन, दिवा आणि संगणकाची आज्ञावली

बटन दाबले की दिवा लागतो, ही गोष्ट आज खेड्यापाड्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु बटन आणि दिवा यांच्यामध्ये संगणक बसविला, तर तेच बटन केवळ दिवा लावण्याचे साधन न राहता विचारपूर्वक काम करून घेण्याचे साधन बनते. ही किमया फारशी खर्चाची नाही आणि तिच्यासाठी अभियंत्याची पदवीही लागत नाही. शाळांतील शिक्षकांना व कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना उपयोगी पडेल असे तिचे एक उदाहरण येथे देत आहोत.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक २०१२ साली विक्रीस आला. त्याच्या कडेला सुया असतात. २०१४ पासूनच्या नेहमीच्या आकाराच्या आवृत्त्यांत त्यांची संख्या ४० आहे. त्यांतील काही सुयांतून संगणक ३.३ व्होल्टचा विद्युतदाब देऊ शकतो, किंवा बाहेरून दाब येत आहे की नाही हे ओळखू शकतो. बाहेरच्या जगाशी व्यवहार करण्याची त्याची हीच दारे होत.

हा संगणक बंद करताना बहुधा चूक होते ती अशी, की काम संपल्यावर कोणीतरी सरळ प्लग उपटतो. त्याच क्षणी स्मरणपत्रिकेवर, म्हणजे मेमरी कार्डावर, लेखन चालू असेल तर तेथील माहिती बिघडण्याचा संभव असतो. अशा वेळी विद्यार्थ्यांनी सत्रभर केलेले काम एका क्षणात नाहीसे होऊ शकते. पडदा व कळफलक जोडलेला नसेल, तर संगणक रीतसर बंद करण्याचा सोपा मार्गही हाताशी नसतो. यावर उपाय म्हणजे एक बटन आणि एक दिवा.

जोडणी : लहान एलईडी दिव्याचा लांब पाय ११ क्रमांकाच्या सुईला जोडावा. आखूड पाय ३३० ओहमच्या रोधकातून ९ क्रमांकाच्या सुईला, म्हणजे भूसंपर्काला जोडावा. रोधक गाळू नये. तो प्रवाह सुमारे ४ मिलिअँपिअरवर रोखून धरतो. त्याच्याअभावी दिवा वा सुई यांना इजा पोहोचते. बटनाचे एक टोक १३ व दुसरे १४ क्रमांकाच्या सुईला जोडावे. २ व ४ क्रमांकांच्या सुयांवर ५ व्होल्ट असतात. त्यांचा स्पर्श इतर सुयांना होऊ देऊ नये. जोडणी करताना विद्युतपुरवठा बंद असावा.

आज्ञावली : या संगणकावर सामान्यतः लिनक्स ही प्रणाली चालते. मनुष्याने टंकलेल्या आज्ञा प्रणालीकडे पोहोचविणाऱ्या दुभाष्याला ‘शेल’ म्हणतात. एकामागून एक द्यावयाच्या आज्ञा एका फायलीत लिहून ठेवल्या की शेलची आज्ञावली तयार होते. सुयांसाठी तीन आज्ञा पुरेशा आहेत : ‘जीपीआयओसेट’ सुईची स्थिती ठरविते, ‘जीपीआयओगेट’ ती वाचते आणि ‘जीपीआयओमॉन’ ती बदलण्याची वाट पाहते. संगणकावर त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकाव्यात. मात्र आज्ञावलीत ११ व १३ हे क्रमांक न देता, चिपच्या हिशेबाने त्याच सुयांचे असलेले १७ व २७ हे क्रमांक द्यावे लागतात. नवशिक्यांची गफलत बहुधा येथेच होते.

मोकळी सुटलेली सुई कधी १ तर कधी ० दाखविते. म्हणून बटनाच्या सुईला आतील रोधकाने वरच्या पातळीवर धरून ठेवण्याची सूचना आज्ञेतच द्यावी. मग बटन सुटे असता १ आणि दाबले असता ० मिळते. हा उलटा हिशेब ध्यानात ठेवावा.

आता कामाचा क्रम पाहू. प्रथम ‘जीपीआयओसेट’ने दिवा लावावा, ही आज्ञा पार्श्वभूमीत चालू ठेवावी, कारण ती संपल्यावर दिव्याच्या स्थितीची शाश्वती नसते. नंतर ‘जीपीआयओमॉन’ने बटन दाबले जाण्याची वाट पाहावी. बटन दाबले का, असे क्षणोक्षणी विचारीत राहिल्यास संगणकाची शक्ती व्यर्थ खर्ची पडते. वाट पाहणारी आज्ञा मात्र तोवर स्वस्थ असते. बटन दाबले गेले की ३ सेकंद थांबून ‘जीपीआयओगेट’ने सुई पुन्हा वाचावी. १ मिळाल्यास बटन सुटले आहे असे समजून पुन्हा वाट पाहावी. ० मिळाल्यास पार्श्वभूमीतील आज्ञा थांबवावी, दिवा काही वेळा लुकलुकवावा आणि प्रणाली बंद करण्याची आज्ञा द्यावी. या शेवटच्या आज्ञेसाठी आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी लागते.

तीन सेकंदांच्या या विरामाचे दोन लाभ आहेत. बटनातील धातूच्या पट्ट्या दाबताक्षणी काही मिलिसेकंद थरथरतात व एकच दाब अनेकवार दाबल्यासारखा भासतो. तो दोष येथे टळतो. शिवाय एखाद्या मुलाचा सहज हात लागल्याने संगणक बंद होत नाही.

दिवा लुकलुकला म्हणजे आज्ञा पोहोचली, एवढाच त्याचा अर्थ. प्लग काढण्यापूर्वी संगणकावरील मूळचा हिरवा दिवा पूर्णपणे निमाला आहे, याची खात्री करावी. वीज अचानक गेली तर हे बटन काही वाचवू शकणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र बॅटरीची जोड असल्यास, तिच्या पुरवठ्याच्या अवधीत शाळेचा शिपाईदेखील संगणक सुखरूप बंद करू शकेल.

विद्यार्थ्यांनी ही आज्ञावली स्वतः लिहावी, चुकावे आणि सुधारावी. यंत्र आपल्यावर अवलंबून आहे, आपण यंत्रावर नव्हे, हा विश्वास त्यांच्या ठायी निर्माण झाला, तर या छोट्याशा दिव्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.