आजार तोच, गुंता वेगळा

‘गंभीर’ आणि ‘गुंतागुंतीचा’ हे शब्द आपण रुग्णाबद्दल बोलताना एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक आहे. अपेंडिक्स फुटलेला तरुण गंभीर असतो. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली की बहुधा कामाला लागतो. उलट, जिवाला आज धोका नसलेला एखादा रुग्ण वर्षानुवर्षे दवाखान्यांचे उंबरे झिजवतो. त्याचा गुंता मोजायचा कसा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आमच्या लासूर स्टेशनातली दोन माणसे कल्पू. दोघांनाही मधुमेह, दोघांची उपाशीपोटीची साखर २२०. एक बावन्न वर्षांचा अडत व्यापारी: कंबर १०२ सेंटिमीटर, चालणे नाही, पण घरात फ्रिज, दारात गाडी, चिठ्ठी वाचणारी सून. दुसरी शिवनाकाठच्या वस्तीवरची बासष्ट वर्षांची विधवा: शेतात राबणारी, सडपातळ, रोज मिशरी लावणारी, नजर अधू, मुलगा वाळूजच्या कारखान्यात, इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही. तिला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली.

तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई ‘सी-बॅक’ नावाची तपासणी-यादी भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार यांना गुण असतात. बेरीज चारवर गेली की तपासणीला आधी बोलवायचे. आता गुण मांडू. व्यापाऱ्याला वयाचे ३, कंबरेचे २, व्यायाम नाही म्हणून १: एकूण ६. विधवेला वयाचे ४, मिशरीचे २: एकूण ६. बेरीज सारखीच!

यादीचा यात दोष नाही. ती आजाराची जोखीम शोधते, आणि साठीपुढच्यांना रोजच्या कामात मदत लागते का, हेही विचारते. मात्र उपचार कुठे अडतील, हे शोधण्यासाठी ती बनलेलीच नाही.

त्यासाठीचे एक साधन नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात घडवले: ‘इंटरमेड’. त्यात चार बाजू पाहतात: शरीर, मन, सामाजिक स्थिती आणि आरोग्यव्यवस्था. प्रत्येक बाजूचा भूतकाळ, वर्तमान आणि पुढचा धोका तपासतात. एकूण २० बाबी, प्रत्येकीला ० ते ३ गुण, म्हणजे कमाल ६०. बेरीज २० च्या पुढे गेली तर रुग्ण गुंतागुंतीचा मानतात आणि त्याच्या उपचारांची एकत्र आखणी करतात.

मला चौथी बाजू सर्वांत मोलाची वाटते. दवाखाना लांब असणे, दोन डॉक्टरांनी एकमेकांशी न बोलणे, याचेही गुण धरले जातात. म्हणजे ‘पेशंट ऐकत नाही’ एवढे म्हणून सुटका होत नाही. अडचणीतला व्यवस्थेचा वाटाही कागदावर येतो.

अशा मोजणीने व्यापाऱ्याला नेहमीच्या औषधांसोबत आहार आणि चालण्याचा सल्ला पुरेल. विधवेसाठी आखणी वेगळी: डोळे, पाय, रक्त यांची तपासणी एकाच फेरीत, महिन्याच्या गोळ्या गावातच, इन्सुलिनसाठी ओल्या वाळूत ठेवलेले मडके, मुलाचा फोन नंबर केसपेपरवर. यात महागडे असे काहीच नाही.

वस्तीवर कोण एकटे राहते, कोणाला दिसत नाही, कोण मजुरी बुडेल म्हणून घाटीला जात नाही, हे आशाताईंना बहुधा आधीपासून ठाऊक असते. ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचेल असा एक रकाना कागदावर हवा. मात्र तो भरण्याच्या श्रमाचा मोबदलाही त्यांना मिळाला पाहिजे.