आधी सांगा, गाडी कधी तापते?

विदर्भात लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच येतात, आणि गॅरेजवाल्यांचा सीझनही तेव्हाच सुरू होतो. पारा 45च्या पुढे, गाडीत सात माणसं, एसी पूर्ण आणि पुढे बँडच्या तालावर रेंगाळणारी वरात. अर्ध्या तासात बॉनेटमधून वाफ येऊ लागते. हीच गाडी सकाळी हिंगणघाटहून जामपर्यंत शंभरच्या वेगाने आली, तेव्हा तिला काही झालं नव्हतं. दुसरी एखादी गाडी याच्या नेमकी उलट वागते. वर्ध्यात आर्वी नाक्याच्या गर्दीत कितीही वेळ अडकली तरी थंड, पण समृद्धी महामार्गावर चढून येळाकेळी मागे टाकलं की लाल दिवा लागतो. दोघांचे मालक गॅरेजमध्ये येऊन एकच वाक्य बोलतात, ‘ऊन किती आहे, पाहा ना भाऊ! गाडी हीट मारून राहिली.’

उन्हाला दोष देणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. आपल्याकडे विकली जाणारी गाडी या उन्हात चालावी, याच हिशेबाने बनवलेली असते. ऊन फक्त तिच्याजवळची शिल्लक ताकद काढून घेतं. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 95 अंशांवर आणि जानेवारीतली दुपारची हवा 28 अंशांवर असेल, तर फरक 67 अंशांचा. मे महिन्यात हवा 46 अंशांवर गेली की तोच फरक 49 वर येतो. म्हणजे रेडिएटरची पाव ताकद नुसत्या ऋतूने कमी केली. निरोगी यंत्रणा एवढं सोसते. जिची जाळी अर्धी बुजली आहे, पंखा अडखळतो आहे किंवा पाणी दोन बोटं कमी आहे, ती सोसत नाही. हिवाळ्यात लपलेला दोष मे महिन्यात उघडा पडतो, एवढंच.

म्हणून जाणता मेकॅनिक पाना हातात घेण्याआधी विचारतो, ‘कधी तापते? उभी असताना का पळताना?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्धं निदान असतं. ग्राहकाने ते उत्तर तयार ठेवलं, तर विनाकारण बदलल्या जाणाऱ्या पार्टांचे पैसे वाचतात.

उभी असताना तापत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. गाडी धावते तेव्हा समोरचा वारा आपसूक रेडिएटरमधून जातो, त्यामुळे बंद पडलेला पंखाही झाकला जातो. गाडी थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असल्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली असते. इलेक्ट्रिक पंखा तपासणं अवघड नाही. गाडी सावलीत सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंख्याचा आवाज यायला हवा. आला नाही, तर फ्यूज, रिले, पंख्याची मोटर आणि वायरिंग या क्रमाने बघायला सांगा. त्याआधी कुणी नवा रेडिएटर सुचवला, तर दुसरं गॅरेज गाठलेलं बरं.

पळताना तापत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. वारा भरपूर मिळतो, पण इंजिनही जास्त उष्णता ओतत असतं. हवेचा विरोध कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 80 ऐवजी 120 ने गाडी चालवली, तर तेवढ्या कामासाठी तिपटीहून जास्त शक्ती लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला. त्याआधी या भागातल्या गाड्यांना इतका वेळ सलग या वेगाने पळायची वेळच क्वचित येत असे. गावं, गतिरोधक, बैलगाड्या, चहाची टपरी यांच्यामुळे इंजिनाला दम खायला मिळत असे. आता सेलू, वर्धा आणि आर्वी तालुके कधी ओलांडले, ते कळतही नाही. अशा वेळी रेडिएटर बुजलेला असेल, वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेतली ‘वॉटर बॉडी’, पाणी नीट ढकलत नसेल किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल, तर काटा वर चढतो.

रेडिएटर दोन बाजूंनी बुजतो. बाहेरून बुजणं आपल्या जिल्ह्याच्या शेतीशी बांधलेलं आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या बाजार समितीकडे निघतात आणि रस्त्यावर कापसाचे पुंजके उडू लागतात. त्याच्या थोडं आधी सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडून गेलेला असतो. हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतं. वरून किडे आणि धूळ. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, आणि मधे गादी तयार झालेली असते. ती इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, हलक्या धारेने पाणी सोडून काढायची. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला, तर पातळ पत्रे वाकतात आणि वाट होती त्याहून बंद होते. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. कारवाले मात्र बॉडी चमकवतात आणि जाळीकडे बघत नाहीत.

आतून बुजण्याला कारण बोअरचं पाणी. आपल्या घरातला कूलर आठवा. दोन उन्हाळ्यांत त्याच्या जाळीवर आणि पंपावर क्षारांचा पांढरा थर चढतो. बोअरचंच पाणी टाकत राहिलं, तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तेच होतं, फक्त ते दिसत नाही. शिवाय गंज चढतो तो वेगळा. काळी-पिवळी चालवणारे ड्रायव्हर सीटखाली कॅन ठेवून हातपंपाचं पाणी ओतत, आणि त्या जुन्या इंजिनांनी ते चालवूनही घेतलं. आताच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांना ते चालत नाही. अडल्या वेळी साधं पाणी टाकलं तर हरकत नाही, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरायला हवं. कूलंट नुसतं, पाण्याशिवाय भरलं की जास्त थंडावा मिळतो, हाही गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणून दोघांचं मिश्रण लागतं. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल, तर तसंच ओतावं. दाट असेल, तर डिस्टिल्ड वॉटर मिसळावं.

आता थर्मोस्टॅट. ‘काढूनच टाका, विदर्भात त्याचं काय काम?’ हा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि साधारण 82 ते 90 अंशांच्या सुमारास उघडतो. तो काढला की इंजिन नेहमीच कमी गरम राहतं. इंजिनाच्या संगणकाला ते अजून थंडच वाटतं आणि तो जास्त इंधन सोडत राहतो. मायलेज पडतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना आतली दुसरी वाट बंद करत असतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरला टाळून तसंच आत फिरतं आणि गाडी जास्तच तापते. थर्मोस्टॅट अडकला असेल, तर नवा बसवावा. हा महागडा भाग नाही.

त्याहूनही क्षुल्लक वाटणारी वस्तू म्हणजे झाकण. ते आतला दाब हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीही 118-120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट असेल तर 125च्या पुढे जाईपर्यंत नाही. झाकणाचं रबर गेलं की हा सगळा फायदा संपतो. गरम गाडीचं झाकण उघडणं भयंकर असतं, तेही याच दाबामुळे. दाब सुटताक्षणी 110 अंशांचं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं, आणि उघडणाऱ्याचा चेहरा नेमका त्यावर वाकलेला असतो. ओलं फडकं धरून उघडणं हा उपाय नव्हे.

उभी असो की पळती, दोन्ही वेळा तापते आणि पाणीही कमी होत जातं, तेव्हा गळती शोधायची. होज पाइप, त्यांचे क्लिप, वॉटर बॉडीखालचा ओलावा आणि उंदरांचे दात बघा. सीएनजी किट असेल, तर रिड्यूसरला गरम पाणी नेणाऱ्या नळ्यांचे सांधेही बघा, ते हमखास विसरले जातात. बाहेर थेंबही नाही आणि टाकी मात्र रिकामी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. सायलेन्सरमधून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर, टाकीत बुडबुडे किंवा दुधाळ ऑइल दिसलं, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि त्याचा पंखा जोरात ठेवा. मे महिन्यात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच आहे. त्यातून थंड हवा आली, तर पाणी संपलं आहे किंवा फिरत नाही, असं समजा. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. चढलेला काटा अचानक खाली आला, तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सरभोवती पाणीच उरलं नसेल, तर तो वाफ मोजत असतो. अनेक छोट्या गाड्यांना तर आता काटाच नसतो, थेट लाल दिवा लागतो. इंजिन पुरतं निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. माणसांना मात्र गाडीत बसवून ठेवू नका. बॅरियरच्या पलीकडे सावली शोधा. जाम-हिंगणघाट किंवा कारंजा-तळेगावच्या राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर 1033 वर फोन करा. समृद्धीवर जाताना तिथला मदत क्रमांक आधीच मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.

कूलंट बदलाल तेव्हा जुनं नालीत ओतू देऊ नका. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. रस्त्यावरची कुत्री ते चाटतात आणि मरतात. उरलेला डबाही मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.